बडोद्यात गणपतीच्या मंडपात बेस गिटार अँपमधून मिक्सरला जोडली की घरघर येते, घरी येत नाही. काय करावं?

आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर थांबली तर दोष गिटारकडे. जॅझ बेस (दोन पिकअपची बेस) असेल तर दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी कॉइलचे, व्हॉल्यूम सारखे ठेवा, घरघर बरीच मरते.

शून्यावरही राहिली तर बहुधा ग्राउंड लूप. अँप स्टेजमागच्या बोर्डावर, मिक्सर समोर जनरेटरवर. दोघांचं अर्थिंग वेगळं, आणि फरकाचा करंट केबलच्या जाळीतून फिरतो. अँपची वीज मिक्सरच्याच बोर्डावरून ओढा. जमत नसेल तर अँप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह (वीज न लागणारा) डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, लावून ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलच्या जाळीचं अर्थ तोडणारं बटण, दाबा. फँटमवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालणारे काही डीआय लिफ्ट केल्यावर बंदच पडतात.

प्लगची जाड अर्थ पिन मात्र काढू नका, कुणी कितीही सांगो. अँपमध्ये बिघाड झाला तर 230 व्होल्ट थेट तारांवर येऊ शकतात, आणि तुमचा ओठ माइकला टेकलेला!

साउंडवाला म्हणेल, विजेचा 50 हर्ट्झचा आवाज इक्वलायझरने कापतो. नको. ई तारेचा तिसरा पडदा 49 हर्ट्झ, म्हणजे तो सूरच पोकळ होईल. शिवाय घरघरीतला 100 हर्ट्झचा भाग तसाच राहील.