करिअर मार्गदर्शन : ‘आई, मी नुसतं एक्सेल भरते’

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत तिने एका नावाजलेल्या कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप केली. आम्ही सगळे खूश होतो, पण ती रोज घरी येऊन म्हणायची, ‘आई, मी नुसतं एक्सेल भरते.’ शेवटी सर्टिफिकेट मिळालं आणि विषय संपला. यंदा दोन ठिकाणी संधी आहे. एक तशीच मोठी कंपनी, आठ आठवडे, शंभरएक मुलांची बॅच, स्टायपेंड चांगला. दुसरी फारसं नाव नसलेली, तिघांची टीम, बारा आठवडे, स्टायपेंड कमी. तिचे बाबा म्हणतात, नाव बघ. ती म्हणते, इंटर्नशिपच नको, त्यापेक्षा ऑनलाइन कोर्स करते. काय करावं? — एक आई

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं ते एक्सेलचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मुलीला एकच विचारा : ते एक्सेल भरून झाल्यावर कुठे जायचं? कोण उघडायचं? त्यावरून काय ठरायचं? तिला हे सांगता आलं नाही, तर बिघाड तिथे आहे. एक्सेल भरणं हे काही हलकं काम नव्हे.

१९७०च्या दशकात जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे पोरं काम कशी शिकतात याचा अभ्यास केला. तिथे नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी कात्री देत नाहीत. आधी काजं-बटणं, तुरपाई, मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा ज्या क्रमाने तयार होतो, त्याच्या बरोबर उलटा क्रम. वरवर पाहिलं तर पोराला किरकोळ कामाला जुंपलंय असं वाटेल. पण बटण लावणाऱ्याच्या हातात पुरती शिवलेली विजार असते. कुठला तुकडा कुठे जोडलाय, हे रोज नजरेखालून जातं. शिवाय बटण चुकलं तर उसवता येतं. बेतताना चुकलं तर कापड गेलं. तुमच्या मुलीलाही बटणंच लावायला दिली होती. विजार मात्र कुणी दाखवली नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका कंपनीत एचआरला होते आणि इंटर्नशिपचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात होता. यंदा किती मुलं घ्यायची, तो आकडा वरून यायचा. ओरिएंटेशन झोकात व्हायचं, टी-शर्ट, फोटो, सगळं. आणि कुठलं मूल कुणाकडे द्यायचं, ती मेंटॉरची यादी मी शुक्रवारी संध्याकाळी करायचे. मुलं सोमवारी हजर! एका वर्षी ज्यांचं नाव मी लिहिलं ते गृहस्थ पंधरा दिवसांच्या रजेवर होते. मला पत्ताच नव्हता. त्यांच्या वाट्याला आलेला मुलगा आठ दिवस मीटिंग रूममध्ये बसून आमच्याच कंपनीची वेबसाइट वाचत होता, कारण त्याच्या लॉगिनवर सही करायला माणूस नव्हता. शेवटी फीडबॅकच्या फॉर्मवर त्याने लिहिलं, ‘खूप छान अनुभव.’ लिहील नाहीतर काय? सर्टिफिकेट मिळायचं होतं. ते फॉर्म एकत्र करून आम्ही वरिष्ठांना दाखवले आणि पाठ थोपटून घेतली.

त्याच बॅचमधली एक मुलगी ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या टीममध्ये होती. काम म्हणाल तर तुमच्या लेकीसारखंच. आलेले मेल वाचायचे आणि एक्सेलमध्ये त्यांची वर्गवारी करायची : डिलिव्हरीला उशीर, बिलात चूक, वस्तू खराब, इतर. आठवडाभरात ‘इतर’ फुगून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं. तिची मेंटॉर म्हणजे तोलूनमापून बोलणारी बाई. बुधवारी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, “ते ‘इतर’ उघड.” दोघी एकेक मेल मोठ्याने वाचायला लागल्या. आठव्या की नवव्या मेलला मुलगीच थबकली. “मॅडम, यांनी आधी पण लिहिलंय. आपण उत्तरच दिलं नाहीये.” मग मागचे मेल पुन्हा काढले. त्यांतले बरेचसे तसेच निघाले. वस्तूबद्दल तक्रार नव्हतीच, आमच्याबद्दल होती. एक्सेलमध्ये नवा रकाना आला : आधीच्या मेलला उत्तर नाही.

पुढच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये तेच शीट पडद्यावर होतं. कुणीतरी विचारलं, दोन बेरजा जुळत का नाहीत? मुलगी गडबडली, तोंड एवढंसं करून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मेंटॉरने तिला कच्चे आकडे वेगळ्या पानावर कसे जपून ठेवायचे ते दाखवलं. दोन्ही वेळचं मिळून तासाभराचं काम असेल. पण तिच्या उरलेल्या इंटर्नशिपचा नूरच पालटला.

एकच कंपनी, एकच टी-शर्ट, सर्टिफिकेटवरही तीच सही. म्हणून ‘कंपनी चांगली आहे का’ असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, कंपनीत कुणाच्या हाताखाली?

दोन्हीकडे मुलीनेच फोन करावा, तुम्ही किंवा तिच्या बाबांनी नव्हे. विचारायचं एवढंच : माझं काम कोण तपासणार आणि किती वेळा? उत्तरात एका माणसाचं नाव आलं, ‘दर गुरुवारी अर्धा तास’ असं काही ठोस आलं, तर निम्मी काळजी मिटली. ‘आमची टीम तुम्हाला पूर्ण सपोर्ट करेल’ असं गोड उत्तर आलं, तर समजायचं की यादी अजून झालेली नाही. ती शुक्रवारी संध्याकाळी होणार आहे. दुसरं, गेल्या वर्षीच्या इंटर्नने काय केलं आणि ते आज कुणी वापरतंय का? आणि जमलं तर त्या गेल्या वर्षीच्या मुलांपैकी एखाद्याला गाठावं. ‘कसं होतं?’ असं विचारू नये, ‘भारी होतं’ एवढंच उत्तर येतं. विचारावं, तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी तू नेमकं काय करत होतास? यावर जो अडखळतो, त्याने बहुतेक वेबसाइट वाचली असणार.

आता ऑनलाइन कोर्सचं. मुलीचा वैताग मला कळतो, पण इंटर्नशिप की कोर्स असा सामना लावण्याची गरज नाही. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी इंजिनिअरिंगच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. मुलांच्या जोड्या लावल्या. एक आठवडा एक जण कारखान्यात आणि दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यात जे अडलं ते डोक्यात ताजं असतानाच मुलगा वर्गात यायचा, मला त्यातलं हे सगळ्यात आवडतं. आपल्याकडे मुलं आधी कोर्स करतात आणि मग त्याचा उपयोग कुठे होतो ते शोधत बसतात. तिने आधी कामावर जावं. तीन आठवड्यांत आपल्याला काय येत नाही ते उघडं पडेल. मग त्याच गोष्टीचा कोर्स संध्याकाळी घ्यावा, तो पुरा होण्याची शक्यताही जास्त.

त्यावरूनच मुदतीचं. पहिले दोन-तीन आठवडे कोण कुठे बसतं, फाइल कुठे सापडते, कुणाला काय विचारायचं, यातच जातात. सहा आठवड्यांतून ते वजा केले तर हातात काय उरतं? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून अशी योजना आहे, तिथे कामाचं एकेक सत्र चार महिन्यांचं असतं. त्या मानाने बारा आठवडेही फार नाहीत.

स्टायपेंडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फुकट राबवून ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्यांकडे मी मुलांना पाठवत नाही. पैसे मोजणाऱ्या साहेबाला त्या मुलाच्या वेळेचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो, म्हणून तो कामही नीट देतो. अमेरिकेत बिनपगारी इंटर्नचा वाद कोर्टात गेला, तेव्हा २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील कोर्टाने कसोटी लावली ती अशी : या व्यवहारात मुख्य फायदा कुणाचा, विद्यार्थ्याचा की कंपनीचा? २०१८ मध्ये तिथल्या कामगार खात्यानेही तीच उचलली. इंटर्नचं काम पगारी माणसाच्या कामाला जोड देणारं आहे, की त्याची जागाच घेतंय, हाही त्यातला एक मुद्दा. तुमच्याकडे दोन्ही जागा पैसे देतायत. कमी स्टायपेंडमध्ये जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च भागत असेल, तर फरकाकडे काणाडोळा करा.

पण कसोटीचा तो मुद्दा छोट्या टीमच्या बाबतीत लक्षात ठेवाच. तिघांच्या टीममध्ये काम कुणाच्या नजरेतून सुटत नाही, हा मोठा फायदा. धोका असा, की चौथा माणूस परवडत नाही म्हणून इंटर्न घेतला जातो. तसं असेल तर तिला पहिल्या आठवड्यात जे काम देतील तेच बाराव्यातही असेल. म्हणून फोनवर एवढंही विचारावं : पहिल्या महिन्यानंतर माझं काम बदलेल का?

मुलीच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं सगळंच चूक नाही. मोठं नाव असलं की रिझ्युमे ढिगाऱ्यातून वर येतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या इंटर्नशिपकडे लांबलेली मुलाखत म्हणूनच बघतात आणि त्यातूनच पुढे नोकरीची ऑफर देतात. गेल्या वर्षी शंभरातल्या किती जणांना दिली, हे जरूर विचारा. मात्र मी मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. नावाचं कौतुक एका मिनिटात संपतं. पुढचा प्रश्न असतो, ‘बरं, तिथे तुम्ही काय केलंत?’ तिथे ‘एक्सेल भरलं’ म्हटलं की समोरचा पान उलटतो.

पत्रावरून माझा कौल तिघांच्या टीमला आहे. मोठ्या कंपनीने फोनवर माणसाचं नाव आणि नेमकं काम सांगितलं, तर मात्र तिकडे पाठवायला माझी हरकत नाही.

राहिले गेल्या वर्षीचे सहा आठवडे. ते वाया गेले असं इतक्यात म्हणू नका. तिने तेव्हाच्या साहेबांना दोन ओळींचा मेल टाकावा : मी भरलेलं शीट पुढे कशासाठी वापरलं गेलं? लोक एरवी मेलला उत्तर देत नाहीत, पण आपल्या कामाबद्दल विचारलं की बहुधा देतात. उत्तर आलं तर रिझ्युमेवरचं ‘डेटा एन्ट्री’ खोडून ते लिहिता येईल. नाहीच आलं, तरी तिच्याकडे स्वतःचं काहीतरी असणारच. दीड महिना रोज तेच शीट भरणाऱ्या मुलीला त्यातला कुठला रकाना कायम रिकामा राहायचा, हे नक्की माहीत असेल. आणि का, याचा तिने मनाशी काही अंदाजही बांधला असेल. आज जेवताना विचारून बघा.