वाचकांचे प्रश्न : डोनर गाडीतून किट कार

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन आसनांची किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडायची गाडी) घरच्या गॅरेजमध्ये बांधायचा विचार आहे. डोनर गाडी (जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी) म्हणून माझदा एमएक्स-5 घ्यावी, असे अनेक जण सुचवतात. ती निवडताना काय पाहावे आणि तिचे सगळे भाग जसेच्या तसे वापरता येतात का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : सल्ला योग्य आहे. लोटस सेव्हन 1957 मध्ये आली तेव्हा सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीला ब्रिटनमधील खरेदी कर लागत नसे, आणि घरी गाडी जोडण्याचा तिथला छंद बराचसा या सवलतीवर पोसला गेला. पुढे फोर्ड एस्कॉर्ट आणि सिएरा यांचे भाग वापरले जाऊ लागले. त्या गाड्या आता सहज मिळत नाहीत, म्हणून इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना अशीच मांडणी असलेली एमएक्स-5 लोक पसंत करतात. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत दरवाजाखालचे सिल गंजतात, त्यापायी गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते, पण इंजिन आणि गिअरबॉक्स अनेकदा ठणठणीत असतात. किट कारला जुनी बॉडी लागतच नाही, तेव्हा अशी गंजकी गाडी आपल्या दृष्टीने उत्तम. अपघातग्रस्त गाडी मात्र टाळावी, कारण किंचित वाकलेला सस्पेन्शनचा भाग नुसत्या नजरेला कळत नाही.

शक्य असल्यास खोलण्यापूर्वी, एमओटी वैध असतानाच, ती गाडी रस्त्यावर भरपूर चालवून पाहावी. गिअर अडकतो का, डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना चालना वाटून देणारा गिअरसंच) आवाज करते का, इंजिन तापते का, हे तेव्हाच समजते. एकदा सगळे सुटे झाले की दोष जुन्या भागाचा आहे की आपल्या जोडणीचा, याचा उलगडा करणे जिकिरीचे होते.

भाग जसेच्या तसे वापरण्यात खरी अडचण वजनाची आहे. एमएक्स-5 सुमारे 1000 किलोची, तर अशी किट कार 600 किलोंच्या आसपास भरते. मूळ स्प्रिंगा त्यामुळे निरुपयोगी ठरतात. ब्रेकचा प्रश्न अधिक गंभीर आहे : पुढच्या-मागच्या चाकांवरील भाराचे प्रमाण बदलल्यामुळे जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होऊन गाडी गिरकी घेऊ शकते, म्हणून ब्रेकच्या दाबाची वाटणी नव्याने बसवावी लागते. हब (चाक ज्यावर बसते तो भाग), स्टिअरिंग रॅक आणि डिफरन्शियल बहुधा चालून जातात. ब्रेकचे होज, रबरी बुश आणि ऑइल सील मात्र नवेच घ्यावेत. इथली काटकसर मला तरी शहाणपणाची वाटत नाही. वायरिंग काढण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावावी आणि नको असलेल्या तारा एकेक करून काढत, दर वेळी इंजिन सुरू होते का ते तपासावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. डोनर गाडीची नोंदणी, सर्व पावत्या आणि कामाची छायाचित्रे जपून ठेवावीत. नव्या चेसिसबरोबर मूळ गाडीचे दोन प्रमुख भाग वापरल्याचे सिद्ध झाले, तर डोनरच्या वयानुसार नोंदणी क्रमांक मिळू शकतो. गाडीचे वय किंवा ओळख पटली नाही, तर ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक पत्करावा लागतो. कोणताही क्रमांक मिळण्याआधी आयव्हीए (एकेका गाडीला मान्यता देणारी) तपासणी पार करावी लागते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याकडे वळते का, हे तिथे पाहतात. 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा टेकेल अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येची असावी लागते, आणि पॅनेल कापतानाच याचा विचार न केलेल्यांची पुढे फार धावपळ होते.

प्रश्न : अशी गाडी पुण्यात बांधून रस्त्यावर आणता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : व्यवहारात नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच अधोरेखित केले. नवे वाहन म्हणून मान्यता घ्यायची, तर त्याचा नमुना एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती व्यवस्था उत्पादकांसाठी आखलेली असून एका गाडीसाठी तो खर्च झेपणारा नाही. केवळ खाजगी ट्रॅकवर चालवण्यासाठी गाडी बांधणे हा निराळा मार्ग आहे. रस्त्यावरच फिरायचे असेल, तर वैध नोंदणी असलेली एखादी जुनी गाडी मूळ स्वरूपात पुन्हा उभी करावी.