नवख्या ड्रायव्हरला तेलक्षेत्रात कोण घेणार?

"ताई, लायसन्स हातात आहे, पण जिथे जावं तिथे दोन वर्षांचा अनुभव मागतात. कामच देणार नसतील तर अनुभव आणायचा कुठून?"

टेक्सासमधल्या पस्तिशीच्या एका तरुणाचा हा प्रश्न. गोदामातली नोकरी सोडून त्याने क्लास ए सीडीएल, म्हणजे ट्रेलर जोडलेले मोठे ट्रक चालवायचं लायसन्स, काढलं होतं आणि मिडलंड-ओडेसाच्या तेलपट्ट्यातल्या पगाराकडे डोळे लावून बसला होता. मी नोकरीबाबत सल्ला देते, आणि ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते.

दोन वर्षांची अट बहुतेकदा विमा कंपनीमुळे असते, त्यामुळे "मी मेहनती आहे" म्हटल्याने ती हलत नाही. पण तेलक्षेत्रात सगळेच काही क्रूड म्हणजे कच्चं तेल वाहत नाहीत. फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने खडक फोडून तेल काढायला, वाळू लागते, पाणी लागतं, आणि तेलाबरोबर वर येणारं खारं पाणीही कुठेतरी नेऊन टाकावं लागतं. नवख्याचा शिरकाव होतो तो सहसा या कामांत.

मी त्याला लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. त्यावर 'ई' होतं. म्हणजे परीक्षा ऑटोमॅटिक ट्रकवर दिलेली, हाताने गिअर टाकायचा ट्रक चालवायला मनाई. टँकरसाठी लागणारं 'एन' नव्हतंच. काही नकार अनुभवाअभावी आलेच नव्हते, आणि हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. 'एन' लेखी परीक्षेवर मिळतं, 'ई' काढायला गिअरच्या ट्रकवर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. क्रूडसाठीच्या 'एच'ला मात्र धोकादायक मालाचं प्रशिक्षण, बोटांचे ठसे आणि टीएसए या सरकारी वाहतूक-सुरक्षा संस्थेची पार्श्वभूमी तपासणी लागते. ग्रीनकार्ड असल्याने तोही रस्ता त्याला मोकळा होता, पण ती घाई नको, असं माझं मत पडलं.

पुढच्या वेळी त्याची बायकोही बसली. तिची भीती वेगळी होती, आणि मला खोटा धीर देता येत नाही. अमेरिकेत तेल-वायू उत्खननातल्या कामगारांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण वाहन अपघात हेच आहे. शिवाय टाकीचं झाकण उघडून माप घेताना किंवा नमुना काढताना निघणाऱ्या वाफा आहेत. 2010 ते 2014 या काळात अशा कामात नऊ जण दगावल्याची नोंद 'नायॉश' या सरकारी संस्थेने केली आहे. तेलाबरोबर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. म्हणून भरवसा अंगावर लावलेल्या वायूच्या मीटरवर ठेवायचा. हे ऐकून ती उलट शांत झाली. "निदान विचारायचं काय ते तरी कळलं," म्हणाली.

तोवर त्याला एक नोकरी चालून आली होती, पाण्याच्या टँकरवर. तीन दिवस जुन्या ड्रायव्हरशेजारी बसायचं, मग तुझं तू. आणि तेलविहिरीवर रांगेत थांबलेला वेळ कामात धरायचा नाही. माझ्या दृष्टीने सगळी गोम इथे होती. नियमाने माल वाहणाऱ्याला अकरा तास गाडी चालवता येते, तीही काम सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत. विहिरीवरचा थांबा वगळण्याची सवलत आहे, पण ती विहिरीच्या सेवेसाठी खास बांधलेल्या गाड्यांच्या, खास प्रशिक्षित ड्रायव्हरांना. पाणी-वाळू वाहणाऱ्यांना ती सहसा लागू होत नाही. रांगेत पाच तास काढून पहाटे अर्धवट भरलेला टँकर हाकायचा, आतलं पाणी प्रत्येक ब्रेकला पुढे धडकणार, आणि कागदावर मात्र तुम्ही आराम केलेला!

"नाही म्हटलं आणि दुसरं काहीच आलं नाही तर?" त्याने विचारलं. खरी अडचण ही होती. इतके नकार पचवलेल्या माणसाला पहिला होकार उपकारासारखा वाटतो आणि तो अटी विचारतच नाही. घरखर्च किती महिने निघेल, याचा हिशेब आम्ही तिघांनी मांडला. चार महिने निघत होता. मग त्याने नकार कळवला.

'ई' निघालं, 'एन' आलं. पाणी वाहणाऱ्याच एका लहान कंपनीत तो लागला. दर थोडा कमी, पण पहिले काही आठवडे प्रशिक्षक शेजारी. विहिरींकडे जाणाऱ्या खडबडीत लीज रोडवर ट्रेलर मागे घेणं त्याला तिथेच जमलं.

आता तो स्वतःचा ट्रक कर्जावर घ्यायचं म्हणतोय. त्याला मी 20 एप्रिल 2020 चा अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा भाव बघायला सांगितलाय: बॅरलला उणे 37.63 डॉलर. अशा वेळी पंप थांबतात, हप्ते थांबत नाहीत. पुढच्या बैठकीला दोघांनी मंदीतल्या सहा महिन्यांचा हिशेब घेऊन यायचं ठरलंय.