कोशर म्हणजे ज्यूंचं व्हेज का हो?

गेल्या अंकात मी न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरच्या "कोशर डोशा"बद्दल दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरून गेला. त्यातले पाच प्रश्न निवडलेत. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : मी कोथरूडची, सध्या मुलाकडे एडिसनला आलेय. त्याने मॅनहॅटनला डोसा खायला नेलं. गल्ल्यामागे गणपतीचा फोटो आणि त्याच्या शेजारी हिब्रू अक्षरांचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. पलीकडच्या टेबलावर डोक्यावर छोट्या गोल टोप्या घातलेलं अख्खं कुटुंब उत्तप्पा खात होतं. मुलगा म्हणाला, आई, कोशर म्हणजे ज्यूंचं व्हेज. खरं का?

नाही हो काकू, अजिबात नाही, आणि हा गैरसमज मनात ठेवून उद्या भलत्याच कोशर हॉटेलात शिरलात तर समोर गाईचं मांस येईल. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमात बसणारं अन्न. डुक्कर चालत नाही, कोलंबी-खेकडे चालत नाहीत, मासा खवले आणि पर असलेलाच हवा. पण गाय, बकरी, कोंबडी नियमाप्रमाणे कापलेली असेल तर चालते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस असं तोरामध्ये (ज्यूंच्या धर्मग्रंथात) तीनदा आलंय, त्यावरून पुढे भांडी वेगळी, सिंक वेगळं, आणि मटण खाल्लं की कित्येक घरांत सहा तास चहात दूधसुद्धा नाही.

त्यामुळे कोशर हॉटेलं दोन जातीची असतात, एक मांसाचं आणि एक दुधाचं. दुधाच्या हॉटेलात मांस शिरतच नाही (मासे असतात हं, ते विसरू नका). आता आपलं उडपी टाइप हॉटेल बघा, मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं! म्हणून लेक्झिंग्टनच्या अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपासच्या बऱ्याच शाकाहारी भारतीय हॉटेलांनी कोशर सर्टिफिकेट घेतलं. त्यांना गिऱ्हाईक वाढलं आणि ज्यू मंडळींना सांबार मिळालं.

पण उरलेलं निम्मं काम पण सोपं नसतं. रब्बी (हंगाम नव्हे, धर्मगुरू) किंवा त्यांचा देखरेख करणारा माणूस, त्याला मशगियाख म्हणतात, येऊन चीज कुठलं, व्हिनेगर कशाचं, सगळं बघतो. बऱ्याच ठिकाणी सकाळी गॅस पेटवायचा तोच, कारण अन्न शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागला पाहिजे असा नियम आहे आणि निदान एका परंपरेत शेगडी पेटवली तरी तेवढं पुरतं. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्यांचं भाजी निवडणं. किडा खाणं निषिद्ध, त्यामुळे कोथिंबीर, फ्लॉवर, कोबी पान न् पान उजेडापुढे धरून बघतात. आमची आजी मेथीची जुडी पेपरवर पसरून चष्मा नाकावर घेऊन बसायची ना, डिट्टो तेच, फक्त इथे त्याचा पगार मिळतो.

जाता जाता, ते फ्रेममधलं सर्टिफिकेट असतं त्यावर तारीख असते, ती संपलेली नाही ना तेवढं बघावं. आणि मालक ज्यू नसला तर हॉटेल शनिवारीही (ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी) उघडं असतं, काही कडक मंडळींना ते चालत नाही, तुम्हाला काय फरक पडतो.

प्रश्न : हिंजवडीहून सहा महिन्यांसाठी बॉस्टनला आलोय, पक्का शाकाहारी. इथे पाकिटावर हिरवा ठिपका नाही, पण गोलात यू, कुठे नुसता के, कुठे पुढे डी असतं. कलीग म्हणतो कोशर छाप बघ आणि बिनधास्त खा. खाऊ का?

बिनधास्त नको. गोलातला यू हा ऑर्थोडॉक्स युनियनचा छाप, पुढे डी असेल तर दूध आहे किंवा दुधाच्या मशीनवर बनलंय. "पार्व्ह" लिहिलं असेल तर मांसही नाही आणि दूधही नाही. इथेच आपले लोक फसतात. पार्व्हमध्ये अंडं बसतं आणि मासाही बसतो! आपल्याकडे अंडं असलं की हिरवा ठिपका मिळत नाही आणि दूध असलं तर मिळतो, त्यांचा हिशोबच वेगळा आहे. कोशर मार्शमेलो घ्या, डुकराचं जिलेटिन नसतं म्हणून आपण खूष होतो, पण त्यात बरेचदा माशाचं जिलेटिन असतं. वुस्टरशायर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही नावाचे छोटे मासे असतात, तोही कोशर मिळतो. आणि नुसता के म्हणजे एकटं इंग्रजी अक्षर, ते कुणाच्या मालकीचं नाही, त्यामागे कुठले रब्बी आहेत हे पाकिटावरून कळत नाही. नुसता के असलेल्या दह्यात जिलेटिन निघाल्याची उदाहरणं आहेत.

तर डी दिसला की मांसाचा तुकडा नाही एवढं कळलं, पुढे घटकांच्या यादीत जिलेटिन, अंडं, मासा हे तीन शब्द शोधायचे. चीजसाठी रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) कुठलं तेही बघा, कोशर चीजमध्ये बरेचदा प्राण्याचं नसतं पण नसलंच पाहिजे असा नियम नाही. दोन आठवड्यात डोळे सरावतात.

प्रश्न : ऑफिसची पार्टी कोशर स्टेकहाउसमध्ये आहे. मी व्हेज. उपाशी राहायचं का?

उपाशी नाही राहणार. हमस (छोल्यांची चटणी), फलाफल (छोल्यांचे वडे), ताहिनी (तिळाची चटणी), काकडी-टोमॅटोचं बारीक चिरलेलं सॅलड, भाजलेलं वांगं, पोट भरतं. सूप मात्र विचारून, भाज्यांचं सूप म्हणतात आणि चिकनच्या पाण्यात केलेलं असतं. आणि पनीर, दही, बटर, रायता यातलं काहीही मागू नका, मिळणार नाही. कॉफीत दूध म्हणून सोयाचं वगैरे काहीतरी येईल, आइस्क्रीमही बिनदुधाचं, त्यात अंडं असू शकतं.

माझी फजिती सांगते. मुलगी तीन वर्षांची होती, असंच कुणाच्या तरी पार्टीला एका मांसाच्या कोशर हॉटेलात गेलो, ती रडायला लागली म्हणून मी पर्समधून दुधाचा छोटा खोका काढला, स्ट्रॉ खुपसला, आणि तिच्यासमोरच्या ताटात थोडं सांडलं. मागून एक दाढीवाले आजोबा जवळजवळ धावतच आले. ओरडले वगैरे नाहीत, पण चेहरा असा की आपल्या सोवळ्यातल्या स्वयंपाकात कुणी चपला घालून आलंय. ताट उचललं, चमचा उचलला, टेबलावरचं कापड पण गेलं. मी शंभर वेळा सॉरी म्हणाले. त्यांनी मग मुलीला सफरचंदाचा रस आणून दिला आणि मला दारापाशी नेऊन हळूच सांगितलं की बाहेरचं काहीच आत आणायचं नसतं, पाण्याची बाटली सोडून. मग मला आठवलं, आमच्या घरी आजीच्या सोवळ्याच्या पाण्याला हात लागला तर याहून मोठा तमाशा व्हायचा.

आणि हो, एकीने विचारलंय की कॅट्झ डेली कोशर आहे ना. नाही. 1888 पासूनचं न्यूयॉर्कचं प्रसिद्ध ज्यू डेली (सँडविचचं हॉटेल) आहे पण तिथे रूबेन सँडविचमध्ये मांसावर चीज घालतात, मग कोशर कुठून! "कोशर स्टाइल" असा शब्द दिसला की समजायचं चव ज्यूंची आहे, नियम नाहीत. शाकाहारी माणसाने त्यापेक्षा सेकंड अव्हेन्यूवरच्या बी अँड एच डेअरीत जावं, बोळभर जागा, एक लांब काउंटर, मशरूम-बार्लीचं सूप आणि हाला ब्रेडचे (ज्यूंच्या वेणी घातलेल्या पावाचे) जाड तुकडे. मांस नाही, मासे आहेत, आणि हाल्यात अंडं असतं ते धरून चाला.

प्रश्न : सांगलीचा जैन आहे. कांदा-लसूण-बटाटा नाही. न्यूयॉर्कला कोशर व्हेजिटेरियन चायनीज असतं म्हणे?

असतं. चायनाटाऊनमधलं बुद्ध बोदाय त्यासाठी प्रसिद्ध आहे. मेनू वाचून घाबरू नका, चिकन, डक, बीफ सगळं लिहिलेलं असतं आणि सगळं सोया आणि गव्हाच्या ग्लुटेनचं असतं (माझ्या सासूबाई मेनू बघून उठून उभ्या राहिल्या होत्या, परत बसवायला दहा मिनिटं लागली). चिनी बौद्ध स्वयंपाकात परंपरेने कांदा-लसूण वर्ज्य, पण ते हॉटेलागणिक बदलतं, तेव्हा विचाराच. कंदमुळांचा नियम त्यांना माहीत नाही, गाजर-मुळा सर्रास. कोशरवाल्यांना कांदा, बटाटा सगळं चालतं, त्यामुळे त्या छापाचा तुम्हाला इथे काही उपयोग नाही. वेटरला "जैन" म्हणून कळणार नाही, एकेका भाजीचं नाव घेऊन सांगा.

प्रश्न : आमच्या अलिबागच्या घराशेजारी बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब राहायचं. आमच्याकडे पुरणपोळी खायचे, मटण कधी नाही. आता ते इस्रायलला आहेत आणि आम्हाला बोलावलंय. आम्ही दोघं माळकरी. तिथे बाहेर जेवायचं काय?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणत त्यांना. त्यांनी मांस-दुधाचा नियम कसा पाळला बघा, रस्सा दाट करायला दही-सायीच्या जागी नारळाचं दूध, ते तर दारातच होतं. नवीन वर्षाचा चिकाचा हलवा पण गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून. म्हणून मटणाच्या जेवणानंतरही तो चालतो! आणि नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या (ज्यूंच्या एका प्रेषिताच्या) नावाने मलिदा, पोहे, खोबरं, गूळ, फळं. तुम्ही निवांत खाल असं ताट आहे ते, शेजारी बोलावतील तर नाही म्हणू नका.

बाहेर जेवायला तुम्हाला तिथे सोपं जाईल. हॉटेलाच्या दारावर कोशर सर्टिफिकेट असतं, त्यावर मांसाचं असेल तर "बसारी" आणि दुधाचं असेल तर "खलावी" लिहितात. तुम्ही खलावी धरा आणि ट्यूना मासा नाही ना तेवढं विचारा. तिथल्या रामला गावात महाराजा नावाचं भारतीय शाकाहारी कोशर हॉटेल आहे, मिठाई पण मिळते. शुक्रवारी दुपारनंतर ते शनिवारी अंधार पडेपर्यंत बरंचसं बंद, तेव्हा शुक्रवारी सकाळी फळं, ब्रेड, दही आणून ठेवा, नाहीतर शनिवारी शेजाऱ्यांवरच भिस्त.

आणि हा सहावा, आत्ताच आला, थोडक्यात. नवरा अमेरिकन ज्यू, सासरी पासओव्हरला (ज्यूंच्या वसंतातल्या सणाला) सगळे बाहेर जेवायला नाही म्हणतात म्हणून मी घरीच वरण-भात करू का?

थांबा! त्या आठ दिवसांत गव्हा-बार्लीचं आंबून फुगलेलं काही नाही, आणि सासर अश्कनाझी (मूळचे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू) असेल तर बहुतेक घरांत भात आणि डाळही नाही (बेने इस्रायली भात खातात, ते वेगळं). मोहरी पण त्यातच धरतात, आणि बाजारातल्या हिंगात सहसा मैदा असतो, तो तर साफ बाद. कोशर हॉटेलंही त्या आठवड्यात पुष्कळ बंद असतात, म्हणून ते घरी थांबतात. तुम्ही बटाट्याची भाजी करा, ऑलिव्ह तेलात हिरवी मिरची, वर ओलं खोबरं आणि लिंबू. हळद घालायची तर सासूबाईंना विचारून. त्यांच्याच कढईत करा, तुमची नेऊ नका.