ओढ्या-तळ्यातल्या पाणवनस्पती घरच्या टाकीत लावल्या तर चालतील का? कुठल्या आणाव्यात?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात माशांची दोन फुटी टाकी आहे, सोसायटीत बोअरचं पाणी येतं, दुकानातली रोपं महिन्याभरात कुजतात, म्हणून गावाकडच्या ओढ्यातून काही आणून लावावं का. आणा, जरूर आणा. मी गेली बारा वर्षं हेच करतोय. फक्त रोपाच्या आधी पाण्याकडे बघा.

देशावरचं पाणी काळ्या कातळातून झिरपून येतं, आणि बोअरचं तर जडच असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तेच. कोकणात जांभ्यावरून वाहणाऱ्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी मात्र मऊ. तिकडची रोटाला नावाची नाजूक लाल पाणवनस्पती तुमच्या बोअरच्या पाण्यात घातली की बहुतेक वेळा खुरटते, आणि आपण उगाच खतं आणि लाइट बदलत बसतो. देशावरच्या पाझर तलावात, कालव्यात, वापरातल्या विहिरीत जे वाढतं ते अशाच पाण्याला सरावलेलं असतं. म्हणून तुम्ही तीन वनस्पतींपासून सुरुवात करा: हायड्रिला, सेराटोफायलम आणि वॅलिसनेरिया. गावात विचाराल तर तिन्हींना शेवाळच म्हणतील, त्यामुळे ओळख आपली आपण पटवायची.

हायड्रिलाची फांदी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा, खरखरीत लागते. पानांच्या कडांना बारीक दाते असतात आणि प्रत्येक पेरावर चार ते आठ पानांचं कडं. ही मातीत मात्र लावू नका. मातीत ती वाटाण्याएवढे कंद धरते आणि मग टाकी रिकामी केल्याशिवाय सुटका नाही. नुसती तरंगत ठेवा. सेराटोफायलमला मुळंच नसतात. पानं काट्यासारखी दुभंगलेली, शेंड्याला झुपका. नव्या टाकीत पाणी हिरवं होत असेल तर मूठभर सेराटोफायलम टाकून बघा, पाण्यातलं जास्तीचं खत तेच खाऊन टाकतं.

आणि वॅलिसनेरिया. फितीसारखी लांब पानं, धावत्या खोडाने पसरणारी. हिचं फूल बघायला मिळालं तर त्या दिवशी घाई करू नका. मादीफूल स्प्रिंगसारख्या बारीक देठावर वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला टेकतं, त्याच्या वजनाने तिथे इवलासा खळगा पडतो. नरफुलं तळाशी सुटतात आणि पांढऱ्या भुकटीसारखी वर येऊन तरंगत राहतात. वाऱ्याने सरकत सरकत त्यातलं एखादं त्या खळग्यात घसरतं. मग देठ पुन्हा वेटोळं घेऊन फळाला खाली ओढून नेतो. एका पाझर तलावाच्या काठावर पालथं पडून मी हे तासभर बघितलंय. लावताना एवढंच सांभाळा की मुळं वाळूत आणि पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर. तो पुरला की कुजतो.

उपटण्याबद्दल मला एका आजींनी शिकवलं. सिंधुदुर्गात एका मळ्याच्या कडेला क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस उगवलेली दिसली. ही भातशेतीच्या आणि व्हाळाच्या कडेला वाढणारी, अळूच्या कुळातली वनस्पती. मी अख्खी झुडपं मुळासकट काढत होतो. आजी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या शेवाळ कित्याक व्हया तुका?" सांगितल्यावर त्या खाली उतरल्या, एका झुडपाची कडेची दोन पिल्लं नखाने तोडून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मूळ ऱ्हवांदे, ता परत येतला." घरी आल्यावर मी उपटलेल्या झुडपांची पानं आठवड्यात काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. आजींनी दिलेल्या पिल्लांचीही विरघळली, पण त्यांना महिन्याभराने नवी पानं आली. तेव्हापासून मी शेंडे खुडतो किंवा पिल्लं घेतो, आणि एका जागेवरून मुठीपेक्षा जास्त घेत नाही.

आणायला गणपतीनंतरचा काळ बरा. गढूळपणा बसलेला असतो, रोपं जोमात असतात. कोकणात जात असाल तर गमबूट घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती खरी आहे. औषध फवारलेल्या भातखाचरातून किंवा सांडपाणी येणाऱ्या नदीतून काही आणू नका. ज्या पाण्यावर जलपर्णीचा गालिचा आहे ते पाणी सोडूनच द्या. शेतकऱ्याला, विहिरीच्या मालकाला विचारून घ्या. नेताना पिशवीत पाणी भरू नका, उन्हात ते तापतं आणि रोप शिजतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, हवा भरून पिशवी बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्याच वर्षी मी ओढ्यातून आणलेली हायड्रिला नुसती धुऊन टाकीत सोडली. पंधरा दिवसांत गप्पी माशांची पिल्लं एकेक करून नाहीशी झाली. फांद्यांत चतुराची अळी होती, बोटाच्या पेराएवढी. ती पिल्लं माझ्या मुलीने वाढवली होती. तेव्हापासून प्रत्येक रोप आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने धुऊन तीन आठवडे पांढऱ्या टबमध्ये. टब पांढराच हवा. अळी, जळू, शंखांची जेलीसारखी अंडी त्यावर लगेच दिसतात. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका, वॅलिसनेरियाला ते सोसत नाही.

कासच्या पठारावरून, कोकणातल्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरून, मात्र एक पानही उचलू नका. कासला कायदा आहेच, पण त्याहून मोठं कारण तिथला वायतुरा. अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, दोन फाट्यांचा गुलाबी तुरा. सह्याद्रीतली मोजकी पठारं सोडली तर तो जगात कुठे नाही. पाऊस संपला की पानं जातात आणि कंद खडकावरच्या वीतभर मातीत पुढच्या पावसाची वाट बघत राहतो. बारमाही भरलेल्या टाकीत त्याला काय सुख लागणार?

आपल्या घाटातलं काही हवंच असेल तर पोगोस्टेमॉन इरेक्टस दुकानातून टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, कपात घ्या. इथलीच वनस्पती जगभर फिरून आपल्याकडे विकायला येते. दुकानातली तुमची रोपं का कुजली तेही सांगतो. नर्सरीत बरीचशी रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात घातल्यावर ती पानं जाणारच, नवी यायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. ड्रॅसिना किंवा लकी बांबू पाण्यातलं म्हणून दिलं असेल तर तो तुमचा दोष नाही, ती जमिनीवरचीच झाडं आहेत.

आणि छाटलेलं काहीही ओढ्यात टाकू नका, दुकानातलं तर मुळीच नाही. 2020 साली केरळात कोझिकोडजवळ आवळा पांडी इथे अख्खा कालवा गुलाबी फुलांनी भरला, लोक लांबून बघायला आले. ती मध्य-दक्षिण अमेरिकेतली कबोम्बा ही पाणवनस्पती होती, टाकीत ठेवतात तीच. आपली हायड्रिलाही 1950 च्या दशकात अशीच मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली, आणि तिथले कालवे साफ करणं अजून चालू आहे. मी छाटणी गच्चीत उन्हात वाळवतो आणि कुंड्यांना घालतो. मोगऱ्याला ती फार मानवते.