सरकारी पैशाची बस, देशी मालाची अट आणि सवलतीचा कागद

सरकारी निधीतून घेतल्या जाणाऱ्या बसगाड्यांना देशी मालाची अट असते, आणि काही वेळा ती शिथिलही करता येते. या अटीबद्दल बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. उद्यमबागेतून आलेला प्रश्न अनेक कारखानदारांचा आहे, म्हणून तो आधी घेतला आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : आम्ही बसचे ब्रेक ड्रम ओततो आणि फिनिश मशीनिंग करून अमेरिकेतल्या एका ॲक्सल कंपनीला पाठवतो. आता तिथल्या खरेदी खात्याने कळवलंय की ‘बाय अमेरिका’मुळे पुढची ऑर्डर थांबवावी लागेल. यातून सूट मिळते म्हणून ऐकलंय. ती आम्ही इथून मागू शकतो का?
— एक कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव

सूट मागण्याआधी एक गोष्ट तपासा. बहुतेक वेळा अशा ड्रमला सूट लागतच नाही.

अमेरिकेत केंद्राच्या वाहतूक निधीतून शहर बस घ्यायची असेल, तर ‘बाय अमेरिका’ नियमाच्या दोन अटी असतात. बसची अंतिम जुळणी अमेरिकेत झाली पाहिजे आणि घटकांच्या एकूण किमतीत अमेरिकी घटकांचा वाटा ७० टक्क्यांच्या वर असला पाहिजे. पूर्वी हा वाटा ६० टक्के होता. २०१५ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने वाढवला आणि २०२० च्या आर्थिक वर्षापासून ७० झाला. याचा अर्थ जवळजवळ ३० टक्के परदेशी माल कायद्यानेच चालतो.

मोजणी दोन पायऱ्यांवर होते. मागचा ॲक्सल हा बसचा घटक, आणि तुमचा ड्रम हा त्या ॲक्सलचा उपघटक. ॲक्सल अमेरिकेत तयार झाला असेल आणि त्याच्या उपघटकांच्या किमतीत ७० टक्क्यांहून जास्त अमेरिकी माल असेल, तर पूर्ण ॲक्सल शंभर टक्के अमेरिकी धरला जातो. समजा एका ॲक्सलचे उपघटक २०,००० डॉलरचे आहेत. त्यात तुमचे दोन ड्रम ५०० डॉलरचे, म्हणजे अडीच टक्के. गिअरचा संच परदेशी असेल तर त्याचे ४,००० डॉलर, म्हणजे २० टक्के. परदेशी वाटा झाला साडेबावीस टक्के, आणि ॲक्सल पास. आता त्याच कंपनीने २,००० डॉलरचे बेअरिंगही बाहेरून घेतले, तर परदेशी वाटा साडेबत्तीसवर जातो आणि ॲक्सल नापास होतो. मग त्या ॲक्सलमधल्या अमेरिकी उपघटकांची किंमत आणि तिथे झालेल्या कामाचा खर्च एवढेच देशी म्हणून धरले जाते.

अशा वेळी खरेदी खाते बदलायला सर्वांत सोपी वस्तू शोधते. ती बहुधा ड्रम असते, कारण ड्रम तिथल्या फाउंड्रीतही मिळतो. दोष अडीच टक्क्यांचा नसतो, पण कात्री तिथेच लागते. म्हणून पत्र लिहिताना सवलतीचा विषय काढू नका. ‘आमचा ड्रम कोणत्या घटकात धरला आहे, त्या घटकाचा परदेशी वाटा सध्या किती आहे, आणि ड्रम काढल्याने तो किती उतरतो?’ एवढे तीन प्रश्न विचारा. आकडे बघितल्यावर पुष्कळदा त्यांच्याही लक्षात येते की अडचण बेअरिंगची आहे.

आता सवलतीबद्दल. तिथे कारणे तीनच चालतात. एक, सूट देणे जनहिताचे असणे. दोन, देशी माल पुरेशा प्रमाणात किंवा समाधानकारक दर्जाचा न मिळणे. तीन, देशी माल वापरल्याने प्रकल्पाचा खर्च २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढणे. अर्ज सहसा निधी घेणारी वाहतूक संस्था करते. बसच्या एखाद्या घटकासाठी किंवा उपघटकासाठी मात्र पुरवठादारालाही तो करता येतो. अर्ज जाहीर होतो, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, आणि हरकत कोण घेणार हे उघड आहे : तोच माल बनवणारा तिथला कारखाना. ब्रेक ड्रम अमेरिकेत ओतले जातात, तेव्हा ‘मिळत नाही’ हे कारण तुमच्या बाबतीत टिकणार नाही. आमच्या मते त्या अर्जामागे वेळ आणि वकील घालवू नका.

दुसरी वाट आहे ती कच्च्या, म्हणजे मशीनिंग न केलेल्या कास्टिंगची. बसच्या घटकांतल्या लोखंड-पोलादाला ‘ओतकामही अमेरिकेतच’ ही बांधकामाच्या मालाची अट लागू नाही, आणि उपघटक ज्या मालापासून बनतो तो माल कुठला, हे विचारले जात नाही. तुम्ही कास्टिंग पाठवले आणि बोअर, फेस, छिद्रे, बॅलन्सिंग ही सगळी कामे तिथे झाली, तर ड्रम तिथे तयार झाला असे ठरू शकते. नुसते बोल्ट आवळणे त्यात बसत नाही. ठरवणार बस बनवणारा, कारण ऑर्डरपूर्वी आणि बस पोचल्यावर, तिची मालकी घेण्याआधी, अशा दोन तपासण्यांत उत्तर त्याला द्यावे लागते. त्यामुळे होकार लेखी घ्या.

यात तोटा कुठे होतो तेही बघा. मशीनिंगचा पैसा हातातून जातो, आणि ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेले हवेचे छिद्र, तुमच्या शेडमध्ये न सापडता १३,००० किलोमीटरवर सापडतो. जड वाहनांना तिथे नेहमी लागणारा ड्रम १६.५ इंचाचा, म्हणजे ४१९ मिलिमीटर बोअरचा. त्याच्या बोअरवर तीन-चार मिलिमीटर माल सोडून कास्टिंग दिले, तर कातडीखालचे छिद्र पहिल्या टर्निंगपर्यंत दिसत नाही. लोखंड कडेला लवकर थंड झाले की तिथे चिल बसते, म्हणजे पांढरा कडक पट्टा तयार होतो आणि टूल तुटते. म्हणून प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा, नंबर कास्टिंगवर ओतूनच काढा, प्रत्येक हीटमधले एक कास्टिंग इथे पूर्ण टर्न करून बघा, कडेची आणि मधली कडकपणाची नोंद ठेवा. मशीनिंगनंतर सापडलेल्या दोषात कास्टिंगचे पैसे कोणाचे आणि तिथल्या मशीनिंगच्या तासांचे कोणाचे, हे ऑर्डरमध्ये वेगवेगळे लिहून घ्या. हे एक वाक्य नसले, तर दोन कंटेनरचा नफा एका डेबिट नोटमध्ये जातो.

प्रश्न : भारतातही अशीच अट आहे ना? ई-बसच्या निविदेसाठी स्थानिक मालाचा दाखला देताना नेमकं काय धरायचं आणि काय सोडायचं?
— एक कॉस्ट अकाउंटंट, चिक्कोडी

आहे. केंद्राचा ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश २०१७ चा, पुढे अनेकदा सुधारलेला. केंद्राच्या योजनेतून पूर्ण किंवा अंशतः पैसा येत असेल, तर राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या खरेदीलाही तो लागतो. ५० टक्के किंवा जास्त स्थानिक मूल्य असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० मध्ये दुसरा, त्याखाली बिगर-स्थानिक. पहिल्या वर्गाला प्राधान्य मिळते : त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला दर जुळवण्याची संधी दिली जाते. दुसऱ्या वर्गाला बोली लावता येते, प्राधान्य मिळत नाही.

सूत्र साधे आहे. कर वगळून वस्तूची किंमत, त्यातून सीमाशुल्कासह आयात मालाची किंमत वजा, उरले त्याची टक्केवारी. दाखले चुकतात ते ‘आयात’ कशाला म्हणायचे इथे.

समजा बस जीएसटी वगळून १ कोटीची. शुल्कासह बॅटरीचे लिथियम सेल ३४ लाख, मोटर कंट्रोलर ११ लाख, एसीचा काँप्रेसर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स ७ लाख. आयात ५२ लाख, स्थानिक ४८ टक्के, वर्ग दुसरा. कंपनीने कंट्रोलर पुण्याच्या वितरकाकडून घेतला असेल, तर बिल रुपयांत असते, त्यावर जीएसटी असतो, आणि हिशेबनीस तो स्थानिक खरेदीत टाकतो. आयात होते ४१ लाख, स्थानिक ५९ टक्के, आणि बस पहिल्या वर्गात जाते. हा दाखला खोटा ठरतो. वितरकामार्फत आलेला आयात माल आयातच धरायचा असतो. परदेशी दिलेली रॉयल्टी आणि तांत्रिक शुल्कही स्थानिक नाही. वाहतूक, विमा, प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा हेही स्थानिक मूल्यात घालता येत नाही.

म्हणून मोठ्या दहा-बारा भागांसाठी खरेदी बिलावर थांबू नका, वितरकाकडून बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या वेळी सीमाशुल्क खात्यात भरलेल्या कागदाची) प्रत किंवा उत्पादकाचे मूळस्थानाचे पत्र मागा. १० कोटींवरच्या खरेदीत कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकाचा किंवा कॉस्ट ऑडिटरचा दाखला लागतो. पुरवठादार कंपनी नसेल, तर प्रॅक्टिस करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटचा किंवा सीएचा चालतो. चुकीच्या घोषणेवर पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत निविदांतून बाहेर ठेवता येते.

आणि ४८ चे ५१ करायला सूट लागत नाही. वरच्या उदाहरणात कंट्रोलर तयार न आणता त्याचे पॉवर मॉड्यूल आणि बोर्ड तेवढे आणले, ॲल्युमिनियमचे घर, थंड करणारी प्लेट, बसबार (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) इथे केले, तर ११ लाखांची आयात ८ वर येऊ शकते. ही कामे उद्यमबाग-मच्छेच्या शॉपना जमणारी आहेत. फक्त थंड करणाऱ्या प्लेटची गळती-चाचणी शंभर टक्के करावी लागते, नमुन्यावर भागत नाही. एक गळकी प्लेट कंट्रोलर जाळते आणि बस रस्त्यात उभी राहते.

प्रश्न : निपाणी-बेळगाव रोज ये-जा करतो. गाड्या जुन्या आहेत, गर्दी तर विचारूच नका. देशी मालाची अट काढून सरळ बाहेरून बस आणल्या तर लवकर मिळणार नाहीत का?
— एक प्रवासी, निपाणी

तुमचा त्रास खरा आहे, पण उशीर या एका अटीमुळे होतो असे नाही, आणि ती काढली तरी बाकीच्या अटी राहतात. बसला केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली प्रकार-मान्यता (त्या मॉडेलची चाचणी होऊन मिळणारी मंजुरी) लागते, बॉडीला बस बॉडी संहिता लागते. भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशातल्या बोलीदाराला २०२० पासून वेगळी नोंदणी लागते. स्थानिक मालाची सूट यांतले काहीच माफ करत नाही.

सूट देण्याची सोय आदेशातच आहे. खरेदी करणाऱ्या विभागाला, मंत्र्यांच्या मंजुरीने आणि कारणे लेखी नोंदवून, स्थानिक मालाचे किमान प्रमाण कमी करता येते, प्राधान्याचा २० टक्क्यांचा फरक कमी करता येतो, किंवा एखादी वस्तू वगळता येते. आमचे मत स्पष्ट आहे. सूट भागाला द्यावी, अख्ख्या बसला नको. सेल आज मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येतात, तिथे सूट दिल्याने इथले कोणी बुडत नाही. पण बॉडी, सीट, दारे, खिडक्या, हार्नेस यांनाही सूट दिली तर धारवाडला बसच्या बॉडी बांधणाऱ्या कामगारांपासून त्यांना माल देणाऱ्या छोट्या शॉपपर्यंत सगळ्यांचे काम जाते, आणि बस एक दिवसही लवकर येत नाही.

दुसरे नुकसान तुम्हाला डेपोत दिसेल. आयात दाराचा सिलिंडर किंवा एसीचा काँप्रेसर बिघडला आणि भाग इथे मिळत नसला, तर बाकी धडधाकट बस महिनोन्महिने उभी राहते. मग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बसचा भाग काढून पहिलीला लावतात, आणि एक गाडी अडकलेलीच राहते. म्हणून सूट देतानाच करारात लिहून घ्यायला हवे : सूट दिलेल्या प्रत्येक भागाचे निदान दोन वर्षांचे सुटे भाग डेपोच्या भांडारात, बिघाड शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना वाहतूक महामंडळाच्या नावावर, आणि इथे पर्यायी भाग बनवता येईल एवढी मापे व ड्रॉइंग. खानापूर-कणकुंबीच्या पावसात चालणाऱ्या गाडीला पाणी जाऊन कनेक्टर सडणे हा नेहमीचा आजार आहे. तो भाग तरी जवळ मिळालाच पाहिजे.

प्रश्न : ‘४(जी) मंजूर’ अशी बातमी वाचतो. ती हीच सूट का?
— एक वाचक, खानापूर

नाही. ४(जी) हे कर्नाटकच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यातले कलम आहे. त्याखाली राज्य सरकार एखाद्या खरेदीला निविदेच्या पद्धतीतून सूट देते. माल देशी की परदेशी याच्याशी त्याचा संबंध नाही. ४(जी) मिळाले तरी केंद्राचा निधी असेल तर स्थानिक मालाची अट उभीच राहते.

प्रश्न : आमच्या मार्गावरच्या बस घेताना अशी सूट दिली होती का, हे कसं शोधायचं?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

आधी पैसा कोणाचा ते बघा. ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवेसारख्या योजनेत संस्था बस विकत घेत नाही, ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे देते. तिथे मालाची अट योजनेच्या आणि कराराच्या कागदांत शोधावी लागते. वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळाने स्वतः घेतलेल्या गाड्यांची निविदा राज्याच्या खरेदी पोर्टलवर असते. तिच्या जोडीची शुद्धिपत्रे आणि निविदापूर्व बैठकीतली प्रश्नोत्तरे नक्की उघडा. अटी शिथिल होतात त्या बहुतेक तिथेच.

पुढची पायरी माहिती अधिकाराची. महामंडळाचे मुख्यालय हुबळीला आहे, अर्ज तिथल्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत चालतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत लागतो. ‘बसखरेदीची सर्व माहिती द्या’ असे लिहिले तर अर्ज परत येतो. निविदा क्रमांक घाला आणि दोनच कागद मागा : यशस्वी पुरवठादाराने दिलेला स्थानिक मूल्याचा दाखला, आणि त्या खरेदीत किमान प्रमाण शिथिल केल्याचा लेखी आदेश, असल्यास. व्यापारी गुपिताचे कारण देऊन भागनिहाय किमती नाकारल्या जाऊ शकतात, म्हणून त्या मागू नका, एकूण टक्केवारी मागा. दाखल्यावर ५० किंवा त्याहून जास्त आकडा असेल आणि तरी शिथिलतेचा आदेशही निघालेला असेल, तर ती सूट कोणत्या भागासाठी होती हे दुसऱ्या अर्जात विचारा.