दोनशे किटांचा सौदा करण्याआधी

प्रिय मुली,

होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल नाहीतर अवजार कमरेला अडकवायच्या चामडी म्यानांची, गिऱ्हाइकाने स्वतः शिवायची दोनशे किटं एकगठ्ठा घ्यावीत का, असं तू विचारलंयस. त्याच्याच खाली लिहिलंयस की आधी विकलेल्यांतली काही परत आली, गिऱ्हाईकं पैसे मागताहेत, आणि "काका, माझं नक्की कुठे चुकतंय तेच कळत नाही." ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहायला बसलो. तू कष्टाळू आहेस हे तुला नव्याने सांगायला नको. कुणाचे पैसे तू बुडवणार नाहीस हेही मी धरूनच चाललोय. माझा प्रश्न वेगळा आहे. विकलेल्या किटांतलं एक तरी तू स्वतः शिवलंयस का? त्याच पिशवीतल्या सामानात, बाहेरचा दोरा न घेता, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत?

तुझ्या निरोपात खरेदीचे भाव आहेत, कुरिअरचा खर्च आहे, फोटो कोणत्या उजेडात काढले तेही आहे. शिवल्याचा उल्लेख कुठेही नाही. जे शिवलं नाहीस ते विकू नकोस. पुढे कितीही लिहिलं तरी मला सांगायचंय ते एवढंच.

तू नमुन्याला ठेवून गेलेली होल्स्टरच्या किटाची पिशवी मी उघडली आणि शिवायलाच बसलो. आधी कागद. हे फर्मे, म्हणजे चामडं कापायचे आणि शिवायचे कागदी नमुने, अमेरिकेतले, त्यांच्या 'लेटर' मापाच्या कागदावर काढलेले: २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. छापणाऱ्याने 'फिट टू पेज' तसंच ठेवलं की रुंदीत मावावा म्हणून सगळा फर्मा आक्रसतो, शंभराला जवळजवळ तीन या हिशेबाने. वीस सेंटिमीटरच्या तुकड्यात साडेपाच मिलिमीटर गेले. नुसत्या डोळ्यांना कागद ठीकच दिसतो. म्हणून फर्म्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन दिलेला असतो. छापल्यावर त्याला पट्टी लावायची, २५.४ मिलिमीटर भरला पाहिजे. तुझ्या पिशवीतल्या कागदावरचा चौकोन तेवढा भरत नाही. "बसत नाही" अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं.

मग जाडी. त्यांच्याकडे चामड्याची जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. फर्म्यावर आठ औंस लिहिलंय, म्हणजे ३.२ मिलिमीटर. पिशवीतला तुकडा त्याहून बराच पातळ आहे. शिलाईची रेघ आत ठेवायच्या वस्तूच्या कडेपासून किती लांब घ्यायची ते त्या वस्तूची जाडी आणि चामड्याची जाडी मिळून ठरतं, त्यामुळे चामडं बदललं की रेघही बदलावी लागते. किट बनवणाऱ्याने चामडं बदललं आणि रेघ तिथेच ठेवली.

दोऱ्याचं तर मला फार वाईट वाटलं. दोन सुयांनी हाताने टाका घालायचा तर शिलाईच्या चौपट दोरा लागतो. या फर्म्यात चाळीस सेंटिमीटर शिलाई आहे, म्हणजे एकशे साठ सेंटिमीटर दोरा हवा. पिशवीत मीटरभर निघाला. शिवणारा माणूस कुठेतरी मध्यावर येऊन थांबणार. कदाचित त्याने आयुष्यात पहिल्यांदा आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार, हातात धरली असेल, बोटं दुखत असतील, आणि त्याला वाटणार आपल्यालाच जमलं नाही. हे पाप कुणाच्या माथी जातं? टिचबटनाचीही तीच कथा. फर्म्यात सांगितलेलं चामडं घेतलं तर जिथे पट्टी दुहेरी होते तिथे ते सहा मिलिमीटरच्या वर जातं, आणि बटणाचा दांडा पाकिटाच्या पातळ चामड्याला पुरेल एवढाच. ठोकलं की बसल्यासारखं वाटतं, पहिल्या हिसक्याला निघून येतं.

यातलं काहीही फोटोत दिसत नाही. किटाच्या यादीत दोरा आहे, बटण आहे, चामडं आहे, फर्मा आहे. सगळ्यावर बरोबरची खूण. शिवताना मात्र काही तासांत सगळं उघडं पडतं. म्हणून शिवायचं. मार्जिन किती ठेवू हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे, आणि तो मला विचारूही नकोस, त्यात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

आता चामड्याबद्दल, कारण इथे नुसता पैशाचा सवाल राहत नाही. होल्स्टरला सालीत कमावलेलंच चामडं लागतं: बाभळीची साल, हिरडा, तरवड, असल्या वनस्पतींत मुरवलेलं. ते कोमट पाण्यात भिजवून वस्तूवर चढवलं, बोटांनी दाबत आकार दिला आणि सावलीत वाळवलं की तो आकार धरून कडक होतं. क्रोम या रसायनात कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक असतं, जॅकेटला, पर्सला उत्तम, पण भिजवून आकार धरत नाही. कापलेली कड बघ. आरपार तपकिरी असेल तर बहुधा सालीतलं, मध्ये निळसर-करडी रेघ असेल तर क्रोमचं. पाण्याचा थेंब टाकून बघ, सालीतलं तो पटकन पितं आणि काळवंडतं. तुझ्या पिशवीतल्या तुकड्याला मधोमध निळी रेघ आहे.

पिस्तुलाच्या होल्स्टरात याचा अर्थ काय होतो ते नीट वाच. ट्रिगरचा भाग पूर्ण झाकलेला हवा आणि होल्स्टरचं तोंड पिस्तूल काढल्यावरही उघडं उभं राहायला हवं. मऊ चामड्याचं तोंड आत दुमडतं. पिस्तूल परत खोचताना ती घडी ट्रिगरवर येते आणि कमरेलाच गोळी सुटते. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. तू ज्याला "नवशिक्यांसाठी सोपं, मऊ लेदर" म्हणून जाहिरात केलीस, ते हे आहे. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. तुझ्यावर नाही, कुणी न शिवता हे किट चार हात पुढे सरकवलं आणि पाचवा हात तुझा होता, याच्यावर.

तू लिहितेस की त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा नाशकात पिस्तुलाच्या होल्स्टरला गिऱ्हाईक मिळेल. मिळेलही. पण त्यांच्यातल्या कुणाचं पिस्तूल तुझ्या टेबलावर मापाला येणार नाही, येऊही नये. पिस्तूल बाळगायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तो तुझ्याकडे नाही. म्हणजे पिस्तुलाचं किट तू शिवशील, पण ते बसतं का, तोंड उभं राहतं का, पट्टा सुटतो का, हे तुला कधीच तपासता येणार नाही. मग ते विकायचं नाही. मला हे सांगताना जड जातंय, कारण तुझा निम्मा माल तोच आहे. तरी विकायचं नाही.

हे असं ताठपणे बोलण्याची किंमत मी मोजलेली आहे. भद्रकालीत आमचं दुकान होतं, थोरले बंधू आणि मी. शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासासाठी मुलांना शिवायला पर्सची किटं द्यायची, असं मोठं काम एका ठेकेदाराने आणलं. माल त्याचा, आम्ही फक्त पिशव्या भरून पोचवायच्या. बंधूंनी हो म्हणून टाकलं. मी एक पर्स शिवून पाहिली. दोन्ही बाजूंची भोकं जुळत नव्हती, एका बाजूला एक जास्त होतं. शेवटी चामडं ओढूनताणूनच बंद करावं लागे. दहा-बारा वर्षांच्या पोरांना ते कसं जमावं? मी नाही म्हणालो. बंधू म्हणाले, "आपण काय शिवून देणार आहोत का? आपण पिशव्या देणार." काम दुसरीकडे गेलं, आणि वर्ष संपायच्या आत आम्ही वेगळे झालो. त्यांनी पुढे चांगला जम बसवला. माझं दुकान लहानचं लहान राहिलं, सातपूरला गाळा घ्यायचा बेत होता तो बेतच राहिला, आणि घरी या विषयावर मला अजूनही ऐकून घ्यावं लागतं. भावाशी बोलणं तुटलं ते तुटलंच. ते गेले तेव्हाही आमच्यात तो विषय शिल्लक होता. त्याची खंत मला आहे आणि राहील. पण नकार दिल्याची नाही. पुढे त्या शाळांतल्या एका बाईंनी सांगितलं की बहुतेक पिशव्या अर्धवट शिवलेल्या अवस्थेत कपाटात पडून होत्या. ज्या मुलांच्या हातून तेव्हा ती पर्स झाली नाही, त्यांनी पुन्हा कधी आरी धरली असेल का? बंधू असते तर आजही त्यांच्याशी याच मुद्द्यावर भांडलो असतो. मी बरोबरच होतो.

आणखी एक गोष्ट, जी मी एरवी कुणाला बोलून दाखवत नाही. आमच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्यांचं. याच कामापायी गावाने आमच्या माणसांना लांब ठेवलं. आज तुझ्यासारखी मुलगी, जिच्या घरात कुणी रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, पाहिली नव्हती, चामड्याला आपणहून हात लावते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चामडं एकाचं, हात दुसऱ्याचे आणि दर तिसराच ठरवणार, हा प्रकार आमच्या लोकांनी फार सोसलाय. तो तिसरा माणूस तू होऊ नयेस. हात लाव, मग विक.

फर्म्यांच्या फाइलींबद्दलही तेच. कुणीतरी तुला शेकडो पीडीएफ एका पेन ड्राइव्हवर दिल्या आणि तू त्या प्रत्येकी थोड्याथोडक्या पैशांत पुढे विकतेस. फर्मा विकत घेतला म्हणजे त्याच्या प्रती विकायचा हक्क मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असं रेखाटन कलाकृतीतच मोडतं. बरेच फर्मे काढणारे लिहूनच देतात की यावरून बनवलेली वस्तू खुशाल विका, फर्मा विकू नका. तो माणूस पुठ्ठा कापून, चामडं वाया घालवून, रेघ अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे करत त्या आकारापर्यंत आलेला असतो. त्या फाइली आजच विक्रीतून काढ. नंतर नाही, आज.

मग विकायचं काय, असं तू म्हणशील. तुझ्या यादीत खाली खाली छाटणीच्या कात्रीचं म्यान आहे, त्याचा एकही फोटो तू नीट काढलेला नाहीस. अगं, आपण नाशकात राहतो! दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी: एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीच्या टोळ्या येतात. कात्री खिशात खोचतात नाहीतर दोरीने कमरेला बांधतात, टोक मांडीला लागतं. कात्री विकत मिळते, परवाना लागत नाही, टेबलावर ठेवून म्यान तिच्यावर चढवता येतं. ते शिव आणि एखाद्या बागेत दिवसभर वापरायला दे. संध्याकाळी त्या माणसाला विचार, कुठे टोचलं, बाहेर काढताना अडलं का, चीक लागून तोंड चिकटलं का. या फर्म्यात दोन थरांच्या मध्ये चामड्याची पट्टी दिलेली नाही. ती घालावीच लागेल, नाहीतर कात्रीचं पातं आतून दोरा कापत जाईल. हे मी सांगतोय म्हणून मान्य करू नकोस, एक म्यान पट्टीशिवाय शिव आणि काय होतं ते पाहा.

चामडं म्हशीचंच घ्यावं लागेल. २०१५पासून आपल्या राज्यात गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, बाजारात मुख्यतः म्हशीचंच मिळतं. त्याचा पोत खडबडीत असतो, कड घासायला जास्त वेळ लागतो, पण म्यानाला ते दणकट पडतं. कानपूरला घोड्याच्या जिनांसाठी कमावलेलं जाड मिळतं, कोल्हापूरला चपलांसाठी सालीतलं कमावण्याची रीत जुनी आहे. एकदम ढीग घेऊ नकोस. पावसाळ्यात सालीतलं चामडं बुरशी धरतं, आणि किट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलंस तर आतल्या आत धरतं. कापडी पिशवी वापर. होल्स्टर काय किंवा म्यान काय, अवजार त्यात कायमचं ठेवू नये, चामडं ओल धरून लोखंडाला गंज लावतं, हेही सूचनांच्या कागदावर मराठीत लिही. सूचना तू लिहायच्यास. जिने शिवलं नाही तिला त्या लिहिता येणार नाहीत, एवढं तुला पहिल्याच ओळीला कळेल.

परत आलेल्या किटांचे पैसे कुरकुर न करता देऊन टाक. कुरिअरचा भुर्दंडही तूच सोस. कमी पडत असतील तर माझ्याकडून घे, सावकाश फेड.

दोनशेच्या सौद्याचं सोपं आहे. त्या व्यापाऱ्याला सांग की प्रत्येक प्रकारची एकेक पिशवी आधी पाठव, पैसे देते. त्याच्या निवडीने नको, गठ्ठ्यातली कुठलीही. तो म्हणेल भाव आजच्या पुरता आहे. म्हणू दे. पिशव्या आल्या की शनिवारी दुपारी घेऊन ये, पिस्तुलाच्या सोडून. दोन सुया, आरी आणि मेण माझ्याकडे आहे, बाकी सगळं पिशवीतलंच वापरायचं. शिवायचं तू, मी फक्त बसून राहीन. जे किट शेवटच्या टाक्यापर्यंत जाईल त्याची मागणी नोंदव, मग ती दहाची असो की पाचची, आणि जे जाणार नाही ते त्याच पिशवीत भरून, काय कमी पडलं ते कागदावर लिहून, त्याला परत पाठवून दे.

तुझा,
काका